जीटीके बदलली म्हणून बिलिंगचा प्रोग्राम नव्याने लिहावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्याचा बिल आणि स्टॉकचा प्रोग्राम तुमच्याकडे सांभाळायला आला आहे. पायथनमध्ये लिहिलेला, सगळे स्क्रीन जीटीके ३ चे (जीटीके म्हणजे खिडक्या, बटणं, तक्ते काढून देणारी लायब्ररी), आणि मूळ लिहिणारा पोरगा पुण्याला नोकरीला निघून गेलेला. ऑफिसातल्या जुन्या संगणकांवर उबंटू २०.०४ आहे, तिथे सगळं सुरळीत. मालकांनी नवा संगणक घेतला, तुम्ही त्यावर उबंटू २४.०४ टाकलं, आणि प्रोग्राम उघडायच्या आतच पडला. एरर काय, तर जीटीकेमध्ये ‘मेन’ नावाचं काही नाही. मग तुम्ही लायब्ररीतले अलीकडचे बदल वाचायला बसलात. ट्री-व्ह्यू (तक्ता) डेप्रिकेटेड, म्हणजे ‘चालतं, पण नव्या कामात वापरू नका’ असा शिक्का बसलेला. कॉम्बो-बॉक्स (निवडीची यादी) डेप्रिकेटेड, एक्स-११ (लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) सुद्धा डेप्रिकेटेड. आता विचारताय की सगळं जीटीके ४ मध्ये नव्याने लिहू का, आणि मालकांना किती दिवस सांगू.

यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. प्रोग्राम पडला तो तुम्ही वाचलेल्या बदलांपैकी एकामुळेही पडलेला नाही. तो पडला एका न लिहिलेल्या ओळीमुळे. आधी ते निस्तरू.

जीटीके ४ ची पहिली आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली. उबंटू २०.०४ त्याच वर्षीच्या एप्रिलचं. म्हणजे जुन्या संगणकांवर जीटीके ४ कधी नव्हतीच. तिथे पायथनने ‘जीटीके आण’ म्हटलं की एकच उत्तर होतं, तीन. नव्या संगणकावर तीन आणि चार दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. कुठली हवी हे प्रोग्रामने सांगितलं नाही, तर पायगॉब्जेक्ट (पायथन आणि जीटीकेला जोडणारा दुवा) सर्वांत नवी उचलतं. ते तसं करताना टर्मिनलवर एक इशाराही छापतं, पण डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून प्रोग्राम उघडणाऱ्याला तो दिसणार कुठे? जीटीके ४ मध्ये ‘मेन’ हे फंक्शन काढून टाकलेलं आहे, म्हणून तुमची एरर. इम्पोर्टच्या आधी ‘रिक्वायर व्हर्जन’ची ओळ घाला, जीटीकेला ३.० आणि सोबत जीडीकेलाही (जीटीकेच्या खालचा थर) ३.०. एवढ्यावर नव्व्याण्णव टक्के प्रोग्राम उघडेल. ‘ही आवृत्ती उपलब्ध नाही’ असं म्हणाला, तर जीटीके ३ चं टाइपलिबचं (पायथनला जीटीकेची ओळख करून देणाऱ्या फाइलचं) पॅकेज बसवायचं राहिलंय, ते बसवा.

मालकांना पहिलं उत्तर द्यायचं ते एवढंच, आणि आजच द्या. नवा संगणक आज सुरू होतो.

आता दुसरी गोष्ट, जी खरी आहे: लायब्ररी पुढे चालली आहे, आपण मागे राहतोय का? इथे माझं मत ठाम आहे. लायब्ररीतला कुठलाही बदल वाचताना दोनच प्रश्न विचारायचे. हा बदल माझ्या गिऱ्हाइकाच्या संगणकावर पोचलाय का? आणि माझा कोड त्या जागेला हात लावतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ते तुमचं काम. बाकीची करमणूक.

तुमच्या यादीवर हे लावून बघा. एक्स-११ चा बॅकएंड डेप्रिकेटेड झाला तो ४.१८ मध्ये, मार्च २०२५ ला. उबंटू २४.०४ मध्ये जीटीके ४.१४ आहे. म्हणजे तो बदल तुमच्या नव्याकोऱ्या संगणकावरही नाही. शिवाय डेप्रिकेटेड म्हणजे काढलेला नव्हे. चारच्या सगळ्या आवृत्त्यांत तो राहणार आहे, जाणार तो पाचमध्ये. आणि तुम्ही तर तीनवर आहात, तिथे या बदलाचा स्पर्शही नाही. ट्री-व्ह्यूचंही तसंच. तो ४.१० मध्ये, मार्च २०२३ ला डेप्रिकेटेड झाला. ४.१४ वर आजही चालतो, ४.१८ वरही चालतो. जीटीके ३ मध्ये तर त्याला पर्यायच नाही, तिथे तोच हक्काचा.

जीटीके ३ ची शेवटची मालिका ३.२४, ती २०१८ पासून सुरू आहे. तिच्यात नवं काही फारसं येत नाही, दुरुस्त्या येतात. धंद्याच्या प्रोग्रामला नेमकं हेच हवं असतं. कोणी ‘तीन मेली’ म्हणालं तर त्याला जिम्पकडे (फोटो संपादनाच्या प्रोग्रामकडे) बोट दाखवा. जीटीके जन्मालाच आली जिम्पसाठी, आणि खुद्द जिम्प जीटीके दोनवरून तीनवर आलं ते मार्च २०२५ मध्ये, ३.० च्या आवृत्तीला. दोनची देखभाल २०२० च्या शेवटी थांबली होती, तरी मधली वर्षं जगभर लोक त्यावर फोटो कापत होतेच. हे कौतुकाने सांगत नाहीये, पण घाईचा ताप उतरायला बरं असतं.

मग चारवर कधीच जायचं नाही का? जायचंय. पण आपल्याकडे पॉवरलूमवर बीम चढलेला असताना कोणी फणी बदलत नाही, बीम उतरला की बदलतात. तुमचा बीम म्हणजे कारखान्यातल्या संगणकांची फेरी. सगळे जुने संगणक जाऊन सगळीकडे किमान २४.०४ आलं, की चारवर जायची वेळ. अर्धे इकडे अर्धे तिकडे असताना गेलात तर एकच प्रोग्राम दोनदा सांभाळाल. उबंटू २०.०४ ची नेहमीची मोफत मुदत मे २०२५ मध्ये संपली आहे. त्यामुळे जुने संगणक बदलायची गोष्ट मालकांपुढे तुम्ही काढलीच पाहिजे, फक्त कारण सुरक्षेचं सांगा, जीटीकेचं नको. २४.०४ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. तेवढा वेळ तुमच्या हातात आहे.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हे मान्य करतो. स्क्रीन चार आहेत की चाळीस, मूळ पोराने सगळं ग्लेडमध्ये (स्क्रीन माऊसने मांडायच्या साधनात) काढलंय की कोडात, कारखान्यात विंडोजचे संगणक आहेत का (असतील तर एक्स-११ ची चर्चा तिथे गैरलागूच), हे मला माहीत नाही. पण एक काम कुठल्याही परिस्थितीत फुकट जात नाही: तीनवर राहूनच कोड चारच्या वळणाचा करून ठेवायचा. जीटीकेच्या स्वतःच्या दस्तऐवजात तीनवरून चारवर जायचं मार्गदर्शन आहे, आणि त्याचा पहिला भाग याच तयारीचा आहे. बहुतेक लोक तो सोडून थेट दुसऱ्या भागावर उडी मारतात आणि मग रडतात.

तयारीत सर्वांत मोठा दगड म्हणजे डायलॉगचं ‘रन’. ‘बिल सेव्ह करू का?’ असा डायलॉग दाखवायचा, रन म्हणायचं, आणि उत्तर येईपर्यंत कोड त्याच ओळीवर थांबवून ठेवायचा, ही सवय आपल्या सगळ्या बिलिंग प्रोग्रामांत भिनलेली आहे. चारमध्ये ‘रन’ नाहीच. डायलॉग दाखवून पुढे जायचं आणि उत्तर आलं की रिस्पॉन्सच्या सिग्नलमध्ये (काही घडलं की जीटीके देते ती वर्दी) पुढचं काम करायचं. हा नुसता नाव बदलायचा बदल नाही, कोडचा प्रवाहच उलटा होतो. सेव्ह, मग छापा, मग नवं बिल उघडा, ही साखळी तुकड्यांत मोडावी लागते. पण गंमत अशी की रिस्पॉन्सचा सिग्नल तीनमध्येही आहे. म्हणजे हे काम आज करता येतं, आजच्या चालत्या प्रोग्रामवर, एकेक डायलॉग घेऊन. तुमच्या कोडात ‘रन’ किती वेळा येतं ते शोधून मोजा. मालकांना दिवस सांगताना माझ्या मते सर्वांत भरवशाचा आकडा तोच.

त्याच धर्तीवर ‘मेन’ सोडून जीटीके-ॲप्लिकेशनवर या, मेनूंना जीआयओच्या (जीटीकेच्या जोडीच्या लायब्ररीच्या) ॲक्शनवर आणा. दोन्ही तीनमध्ये चालतं. कळ दाबल्याचा जुना सिग्नल सोडून की-कंट्रोलर वापरा, तोही ३.२४ पासून आहे. खिडकी स्क्रीनवर अमुक ठिकाणी सरकवणारा कोड दिसला तर काढून टाका. वेलँडवर (एक्स-११ ची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेत) प्रोग्रामला स्वतःची जागा ठरवता येत नाही, आणि चारमध्ये ते फंक्शनच नाही. घड्याळाशेजारचा स्टेटस आयकॉनही तसाच गेला.

एंटरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडचे अकाउंटंट माऊसला हात लावत नाहीत. पार्टीचं नाव, एंटर, नग, एंटर, दर, एंटर. मूळ लेखकाने बहुधा प्रत्येक रकान्यावर कळ पकडून एंटर ओळखलं असेल. चारमध्ये एंट्रीच्या (लिहायच्या चौकटीच्या) पोटात टेक्स्ट नावाचं आणखी एक विजेट (स्क्रीनवरचा घटक) असतं, आणि फोकस खरं तर त्याच्याकडे असतो. एंट्रीला ‘फोकस तुझ्याकडे आहे का’ विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते, आणि तुम्ही दुपारभर डोकं धरून बसता. एंटरही ते आतलं विजेट गिळतं. त्यामुळे कळ पकडायच्या भानगडीत न पडता ‘ॲक्टिव्हेट’चा सिग्नल वापरा. तीन आणि चार दोन्हीकडे तो सारखाच आहे. दुसरा फायदा मराठीचा. आयबसवरून (लिनक्सवर इतर लिप्या टाइप करायच्या सोयीवरून) देवनागरी टाइप करताना अर्धवट बनलेला शब्द अजून एंट्रीत उतरलेला नसतो. तुम्ही कॅप्चरच्या टप्प्यात (कळ आतल्या विजेटला पोचायच्या आत) एंटर आधीच पळवलात तर शेवटचं अक्षर गायब होतं. ॲक्टिव्हेट वापरलं तर आधी शब्द पुरा होतो.

आता बिलाची जाळी, म्हणजे मालाच्या ओळींचा तक्ता. खरं कठीण काम इथे आहे, म्हणून ते सर्वांत शेवटी करा. ट्री-व्ह्यूत तुम्ही रकान्याला ‘एडिटेबल’ म्हणता आणि विषय संपतो. चारमधला कॉलम-व्ह्यू वेगळ्या विचाराने बनला आहे. प्रत्येक खान्यात खरं विजेट बसतं, पण पाचशे ओळी असल्या म्हणून पाचशे विजेट बनत नाहीत. एका वेळी साधारण दोनशे ओळींपुरतीच बनतात, आणि तुम्ही खाली सरकलात की वरच्या ओळीचं विजेट खालच्या ओळीला जुंपलं जातं. यासाठी सेटअप, बाइंड आणि अनबाइंड असे टप्पे आहेत. बाइंडमध्ये ‘नग बदलला की या ओळीत लिही’ असा सिग्नल जोडलात आणि अनबाइंडमध्ये तोडायला विसरलात, तर तेच विजेट पुढे दुसऱ्या ओळीला गेलं तरी जुन्या ओळीतही लिहीत राहतं. म्हणजे ३० बाय ६० च्या टॉवेलचे नग नॅपकिनच्या ओळीत. दहा ओळींच्या बिलात हे दिसत नाही, कारण सरकायची वेळच येत नाही. दिवाळीआधीच्या लांबलचक बिलात दिसतं, आणि तेही बेरीज जुळेनाशी झाली की. चाचणी करताना कमीत कमी पाचशे ओळींचं खोटं बिल करा, खाली-वर सरकवत मधल्या ओळी बदला, आणि सेव्ह झालेला डेटा थेट डेटाबेसमध्ये जाऊन तपासा.

आवृत्तीचा आकडा खराखुरा कामाचा ठरतो तो याच जाळीत. चारच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कॉलम-व्ह्यूवर कीबोर्डने फिरणं अवघड होतं. टॅब दाबल्यावर तक्ताभर फिरायचं की ओळ संपली की तक्त्याबाहेर पडायचं, हे ठरवायची सोय ४.१२ मध्ये आली. कोडातून अमुक ओळीपर्यंत सरकवायचं फंक्शनही त्याच आवृत्तीत. त्यामुळे बिलिंगसाठी माझी किमान रेषा ४.१२. उबंटू २४.०४ मधली ४.१४ त्या रेषेच्या वर आहे. उबंटू २२.०४ मधली ४.६ आणि डेबियन १२ मधली ४.८ दोन्ही खाली. ‘चारवर जा’ असा सल्ला देणारा कितव्या चारवर ते सांगत नसेल तर त्याने कीबोर्डवर चालणारं बिल कधी बनवलेलं नाही, असं मी खुशाल समजतो.

पार्टीचं नाव टाइप करताना खाली सूचना येतात ते एंट्री-कम्प्लीशनही ४.१० मध्ये डेप्रिकेटेड झालं, आणि त्याला तयार पर्याय दिलेला नाही. पॉपओव्हर (तरंगती छोटी खिडकी) आणि लिस्ट-व्ह्यू जोडून स्वतःच बांधावं लागतं. हे मला पटलेलं नाही, पण चारभर ते चालणार असल्याने आत्ता तसंच राहू द्या. कॉम्बो-बॉक्सच्या जागी ड्रॉप-डाउन मात्र सरळ बसतो, तो बदलून टाका.

बदल वाचायचे कसे, हाही तुमच्या प्रश्नाचा भाग होता. कमिटची (लायब्ररीच्या कोडातल्या एकेक बदलाच्या नोंदीची) पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत वाचू नका. तिच्यात भाषांतराच्या नोंदी, चाचण्या, बिल्डची झाडलोट असं पुष्कळ असतं, आणि विंडोज किंवा मॅकपुरतं असलेलंही बरंच. आधी न्यूज नावाची फाइल वाचा. दर आवृत्तीचं त्यात थोडक्यात असतं, आणि डेप्रिकेटेड काय झालं ते स्पष्ट असतं. मधला आकडा सम असेल तर ती स्थिर आवृत्ती, विषम असेल तर विकासातली. म्हणजे ४.१३ मधली बातमी तुमच्यापर्यंत येते ती ४.१४ बनून. मग स्वतःच्या कोडात जी विजेटं आहेत त्यांची यादी काढा आणि फक्त त्या फायलींचा गिट लॉग बघा, तुमच्या दोन आवृत्त्यांच्या टॅगमधला. कॉलम-व्ह्यूची फाइल, एंट्रीची फाइल, छपाईची फाइल. यादी एकदम हातात मावेल इतकी होते. एखादी ओळ कळली नाही तर गिट ब्लेम (ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते सांगणारी आज्ञा) लावून तो कमिट उघडा आणि त्याचा मर्ज रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती) वाचा. बदल का केला हे कमिटच्या दोन ओळींत क्वचित असतं, तिथल्या चर्चेत असतं.

कोडला हात न लावता दिसणारे बदलही असतात, त्यातला एक सांगून ठेवतो. ४.१४ मध्ये स्क्रीनवर चित्र काढणारा रेंडरर नवा आला, आणि ४.१६ पासून वेलँडवर व्हल्कन (ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारा) पहिल्या पसंतीचा झाला. जुन्या ग्राफिक्सच्या संगणकावर यामुळे खिडकी काळी दिसू शकते किंवा हलताना अडखळू शकते. गोडाऊनमध्ये नेहमी सर्वांत जुना संगणक जातो, त्यामुळे हे तिथेच निघतं. असं झालं तर प्रोग्राम सुरू करताना ‘जीएसके रेंडरर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘कैरो’ (ग्राफिक्स चिपची मदत न घेणारा रेंडरर) द्या. खिडकी नीट आली तर दोष तुमच्या कोडात नाही हे पाच मिनिटांत सिद्ध होतं. तीनवर हा प्रश्न उद्भवतच नाही.

ग्लेडच्या फायली असतील तर जीटीके ४ सोबत येणारं बिल्डर-टूल तीनची फाइल चारमध्ये बदलून देतं. निम्म्याहून जास्त मजुरी वाचते, उरलेलं हाताने. ग्लेड स्वतः चारसाठी चालत नाही, तिथे कॅम्बलाश वापरतात. लेबलं मराठी आणि तेलुगू दोन्हींत ठेवली असतील (पूर्व भागातल्या कामगारांसाठी गोडाऊनच्या स्क्रीनवर मी नेहमी दोन्ही ठेवतो) तर रुंदी-उंचीचे ठरावीक आकडे असलेल्या जागा आधी शोधा. दोन्ही लिप्यांना वर-खाली जागा लागते, आणि चारमध्ये अंतरं थोडी वेगळी पडतात. डॉट मॅट्रिक्सवर बिल थेट मजकूर पाठवून छापत असाल तर त्याचा जीटीकेशी संबंध नाही, त्याला हात लावू नका.

दिवसांचं म्हणाल तर मालकांपुढे काम तीन भागांत मांडा. आवृत्तीची ओळ आज, बिनपैशाची. तीनवरची तयारी हप्त्याहप्त्याने, नेहमीच्या देखभालीच्या पैशांत, काम न थांबवता. आणि चारवर उडी तेव्हाच, जेव्हा सगळे संगणक नवे असतील. त्याचा वेगळा दर, आणि तो दर ‘रन’ किती आणि संपादन करता येणारे तक्ते किती यावर. नव्याने लिहायचा आकडा मात्र देऊ नका. एकदा तो आकडा बोललात की मालक दुसऱ्याला विचारतात, आणि दुसरा निम्मा सांगून मोकळा होतो.

नवी आवृत्ती बसवायचा दिवस महिन्याच्या २१ तारखेनंतरचा धरा. ११ ला जीएसटीआर-१ असतो, २० ला ३बी असतो, त्याआधी अकाउंटंट तुम्हाला संगणकाजवळ फिरकू देणार नाही. मार्चमध्ये तर अजिबात नको. आणि पहिले काही आठवडे जुना प्रोग्राम त्याच संगणकावर दुसऱ्या आयकॉनने ठेवा, पण तो फक्त वाचण्यापुरता उघडेल असा. नाहीतर कोणीतरी सवयीने त्यातच बिल करून बसेल आणि बिल नंबर दोनदा पडेल.